पाच स्वरांची बाग : अंगणात झाडे, सेन्सर आणि राग यांची एकत्र रचना कशी करावी

या लेखात ज्या रचनेची कृती दिली आहे, ती थोडक्यात अशी आहे. घराच्या अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा गच्चीवर सहा कुंड्या अर्धवर्तुळात मांडलेल्या असतात आणि मागे तंबोरा अगदी हलका चालू असतो. आलेला माणूस एखाद्या पानावर हात ठेवतो, आणि त्या झाडापाशी एक स्वर सावकाश उमलतो. हात काढला तरी तो स्वर तुटत नाही, विरत जातो. सहा झाडांत सा, रे, ग, प, ध आणि तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) वाटून दिलेले असतात, आणि आकाशातला उजेड वाढतो आहे की ओसरतो आहे याचा अंदाज घेऊन ही बाग सकाळी देशकार रागाकडे, तर सांजवेळी भूप रागाकडे झुकते. ऐकणाऱ्याला समोर बसवून काही सादर करणे हा येथे हेतू नाही. त्याला स्वरांच्या आत उभे करणे हा आहे. त्यामुळे यंत्रसामग्री जितकी कमी दिसेल आणि झाडे जितकी झाडांसारखी राहतील, तितकी रचना चांगली उतरते.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला असे काही करून पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात या एकाच शहरात कमाटीबाग झाली (१८७९), मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली (१८८६) आणि तांत्रिक शिक्षणासाठी कलाभवन उघडले (१८९०). झाडे, संगीत आणि हातातली विद्या यांना लोकांसाठी अशी जागा करून देण्याची येथली परंपरा जुनी आहे. ही रचना मात्र घरगुती आकाराची आहे. थोडे सोल्डरिंग येणारा एक जण, गळा तयार असलेला एक जण आणि झाडांची निगा राखणारा एक जण असे तिघे मिळाले, तर ती आरामात उभी राहते.

जागा आणि तिचे आवाज

उपकरणे विकत घेण्याआधी ठरवलेल्या जागी पहाटे, दुपारी आणि सांजेला शांत बसून कानावर येणारे आवाज लिहून काढावेत. ही पायरी वगळावी असे अनेकांना वाटते, पण पुढचे सारे निर्णय तिच्यावरच उभे राहतात. बडोद्याच्या जुन्या वस्तीत पहाटे दयाळ गातो, नंतर कोकीळ आणि बुलबुल येतात. फाल्गुन-चैत्रात तांबट पक्षी एकाच लयीत टुक्-टुक् करत कितीतरी वेळ बसतो. यांच्याबरोबर शेजारचा कुकर, पाण्याची मोटर, देवळातली घंटा, अजान आणि रस्त्यावरच्या दुचाकी हेही आपल्या रचनेचे भाग होणार असतात. ते बंद करता येणार नाहीत. त्यांच्यासाठी जागा सोडावी लागेल. तांबटाच्या वेळेला आपण वरून तालाचा एखादा ठेका लावणे म्हणजे त्याच्या लयीवर कुरघोडी करणे होय. याच कारणासाठी या रचनेत तालवाद्य अजिबात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाजही लावू नयेत. विणीच्या काळात आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून पक्षी अस्वस्थ होतात, घरटे सोडून त्या आवाजाचा पाठलाग करतात. जिवंत पक्षी जवळ असताना त्याच्या नकलेची गरजही नसते.

जागेचा आणखी एक आवाज सहसा कोणी लिहून ठेवत नाही, तो म्हणजे विजेचा घुमारा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या ट्यूबलाइटचे चोक मुख्यतः १०० हर्ट्झवर गुणगुणतात. षड्ज ठरवताना हा आवाज उपयोगी पडतो. संगीतशास्त्राच्या पुस्तकांत हिशेबासाठी मध्य षड्ज २४० आंदोलनांचा, म्हणजे २४० हर्ट्झचा धरण्याची पद्धत आहे, आणि तोच येथे घ्यावा. मग रिषभ २७०, गांधार ३००, पंचम ३६०, धैवत ४०० आणि तार षड्ज ४८० असे पूर्णांक मिळतात. धैवताचे ४०० दोन सप्तके खाली उतरले की बरोबर १०० होतात. म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आपल्या षड्जाच्या अतिमंद्र धैवतावर येऊन बसते आणि खुपत नाही. गायकांच्या भाषेत हा षड्ज पेटीच्या काळी पाच आणि पांढरी सात या पट्ट्यांच्या जवळजवळ मधोमध येतो, म्हणून तंबोऱ्याच्या ॲपमध्ये काळी पाच निवडून ती ५० सेंट (लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधले अर्धे अंतर) वर चढवावी.

विश्वामित्रीच्या काठावर किंवा तिच्या नाल्यांजवळ अशी रचना मांडू नये. तेथे मगरींचा वावर असतो, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीचे पाणी किती आतपर्यंत शिरले होते ते शहराने पाहिले आहे. सार्वजनिक बागेत काही करायचे असेल, तर महानगरपालिकेची लेखी परवानगी आधी घ्यावी. पहिल्या वेळेला मात्र घरचे अंगणच बरे.

झाडे

हात लावायच्या झाडांची पाने जाड, मऊ आणि सोशिक असावीत. कर्दळ, मनीप्लांट, सर्पपर्णी, केळीचे लहान रोप आणि काटे बोथट असलेली कोरफड ही झाडे चांगली चालतात. लाजाळू येथे घेऊ नये. प्रत्येक स्पर्शाला पाने मिटून पुन्हा उघडण्यात त्याची शक्ती खर्च होते आणि संध्याकाळभर असे चालले तर रोप थकते. रुई, शेर अशी चिकाची झाडे आणि डायफेनबेकिया लहान मुलांच्या हाताशी ठेवू नये. त्यांचा चीक किंवा रस डोळ्यांत किंवा तोंडात गेल्यास त्रास होतो. तुळस ठेवण्याचा मोह होईल, परंतु दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावायला घरातली वडीलधारी मंडळी कचरतात, आणि आपल्या रचनेत कोणाला कचरावे लागू नये.

कुंडी प्लास्टिकची किंवा चकचकीत लेपाची असावी. साधी मातीची कुंडी पाणी शोषते, ओली होते आणि तिच्यातून विद्युत संकेत जमिनीत झिरपतो. मग हात लावल्याने सेन्सरच्या आकड्यात पडणारा फरक फारच लहान होतो. कुंडी थेट फरशीवर न ठेवता कोरड्या लाकडी पाटावर किंवा रबराच्या तुकड्यावर ठेवावी. निदान दोन कुंड्या पाऊण मीटर उंचीच्या बाकावर ठेवाव्यात, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून आलेल्या किंवा वाकता न येणाऱ्या माणसालाही त्या सहज गाठता येतात.

तारा आणि सर्किट

मेंदूचे काम ईएसपी-३२ हे छोटे सर्किट करील. त्याच्या मूळ प्रकारात स्पर्श ओळखणाऱ्या दहा पिना असतात, परंतु ०, २, १२ आणि १५ या पिना सर्किट चालू होतानाच्या कामात गुंतलेल्या असल्यामुळे त्या टाळाव्यात. उरलेल्या ४, १३, १४, २७, ३२ आणि ३३ या नेमक्या सहा पिना सहा झाडांना मिळतात. विकत घेताना हा मूळ प्रकारच मागावा. याच घराण्यातल्या एस-२ आणि एस-३ प्रकारांत स्पर्श झाला की आकडा वाढतो, मूळ प्रकारात तो उतरतो, आणि पुढचा सारा हिशेब उतरणाऱ्या आकड्याचा आहे.

प्रत्येक कुंडीच्या मातीत, मुळांना धक्का न लावता, स्टेनलेस स्टीलचा एक लांब खिळा खोचावा आणि त्याला तार जोडावी. तांब्याची उघडी तार मातीत ठेवू नये. ती गंजते आणि तांब्याचे क्षार रोपाला अपायकारक ठरू शकतात. खिळ्यापासून सर्किटपर्यंतची तार एक मीटरच्या आत ठेवावी. ती लांबली की ॲण्टेनाचे काम करू लागते आणि घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंधळ आकड्यांत शिरतो. सहाही तारा एकत्र पिळून नेऊ नयेत, नाहीतर कर्दळीला लावलेला हात कोरफडीच्या आकड्यातही थोडासा दिसतो.

झाडाच्या आत पाणी आणि क्षार असल्यामुळे ते खिळ्याचाच लांबलेला भाग बनते, आणि माणसाचे शरीर पानाला टेकले की त्या साऱ्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. आपण मोजतो ते एवढेच. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींमधल्या विद्युत प्रतिसादांचा अतिशय सूक्ष्म अभ्यास केला होता, पण आपले सर्किट ते काम करत नाही. म्हणून पाहुण्यांना ‘झाड गाते आहे’ किंवा ‘झाडाला तुमचे मन कळते’ असे सांगू नये. झाडातून आपला स्पर्श वाहतो आहे, हे खरे विधानही पुरेसे सुंदर आहे आणि मुलांना ते चटकन कळते.

सर्किटला वीज पॉवर बँकेतून द्यावी. ओल्या हातांच्या आसपास ५ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचे काही असता कामा नये. मात्र बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटला जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे स्पर्शाचा आकडा फिका येतो. यावर उपाय सोपा आहे : अंगणाच्या मातीत हातभर लांबीची लोखंडी सळी ठोकून सर्किटच्या ग्राउंडची तार तिला बांधावी. गच्चीवर सळी ठोकता येत नाही, तेथे पत्र्याचा मोठा तुकडा जमिनीवर पसरून त्याला ती तार जोडावी. सळीइतका नाही, पण बराच फरक पडतो. पाहुण्यांना चप्पल काढून उभे राहायला सांगितले, तर संकेत आणखी ठळक होतो. अंगणात अनवाणी उभे राहणे आपल्या लोकांना नवीन नाही.

आकड्यांपासून स्वरापर्यंत

ईएसपी-३२ मध्ये भरायचा प्रोग्रॅम आर्डुइनोच्या मोफत सॉफ्टवेअरमधून लिहिता येतो, आणि त्याचे काम समजून घेतले तर तो अवघड नाही. सुरू झाल्यावर पहिले दहा सेकंद कोणीही झाडांना हात लावू नये. त्या वेळात प्रत्येक पिनेचा सरासरी आकडा हा त्या झाडाचा पाया समजावा. त्यानंतर शेवटच्या दहा नोंदींची सरासरी घेत राहावी, आणि ती पायापेक्षा बारा-पंधरा टक्क्यांनी खाली गेली की स्पर्श झाला असे धरावे. समजा, कर्दळीचा पाया ६० आहे आणि पान धरल्यावर आकडा ४८ होतो, तर सीमा ५२ च्या आसपास ठेवता येते. प्रत्येक झाडाची सीमा वेगळी निघते; एकच आकडा सर्वांना लावू नये.

पाया स्थिर राहत नाही. कुंडीला पाणी घातले, दव पडले किंवा ऊन चढले की तो सरकतो. म्हणून स्पर्श नसताना पाया दर सेकंदाला ताज्या आकड्याकडे फरकाच्या शंभराव्या भागाइतका सरकू द्यावा, आणि स्पर्श चालू असताना तो गोठवून ठेवावा. हे न केल्यास कोणी पान बराच वेळ धरून बसले तर प्रोग्रॅमला तीच झाडाची नेहमीची अवस्था वाटते आणि स्वर आपोआप बंद पडतो.

सहा झाडांचे आकडे वायफायवरून घरातल्या लॅपटॉपकडे पाठवावेत. यूएसबीची तार पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि लॅपटॉप तर कोरड्या खोलीतच हवा. लॅपटॉपवर प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर वापरावे. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात तयार केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते, आणि त्यात प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी चौकोन तारांनी जोडत जायचे असतात.

स्वर कृत्रिम न घेता माणसाच्या गळ्याचे किंवा दिलरुब्यासारख्या वाद्याचे घ्यावेत, कारण झाडांच्या सान्निध्यात यंत्राचा सपाट आवाज लगेच उघडा पडतो. षड्ज उंच असल्यामुळे गायिकेचा आवाज सोयीचा. तंबोरा तिच्या कानात हेडफोनने द्यावा, म्हणजे तो ध्वनिमुद्रणात उतरत नाही. प्रत्येक स्वर ‘आ’ म्हणत, कोणताही कंप न देता, एका दमात शक्य तितका लांब गाऊन घ्यावा. सहा स्वरांखेरीज मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवतही घेऊन ठेवावा, त्याचे काम पुढे आहे. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर करावे. फोन वापरत असाल तर तो विमानाच्या मोडवर टाकावा, आणि पंखा बंद ठेवावा. स्वर अखंड चालू राहावा म्हणून त्याचा मधला भाग पुन्हा पुन्हा वाजवताना शेवट आणि सुरुवात यांना अर्ध्या सेकंदाचा एकमेकांवर चढणारा जोड द्यावा. हा जोड ऐकू आला तर सगळी बाग खोटी वाटते, म्हणून या एका कामाला हवा तेवढा वेळ द्यावा. गायिकेला हे मुद्रण कोठे आणि किती काळ वाजणार आहे ते सांगून तिची संमती घ्यावी.

तेच स्वर, दोन राग

या रचनेचा जीव येथे आहे. भूप आणि देशकार या दोघांत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. तरीही भूप कल्याण थाटाचा आणि देशकार बिलावल थाटाचा मानतात (थाट म्हणजे रागांचे स्वरांवरून केलेले वर्ग). भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गांधार आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. देशकारात नेमके उलट. भूप पूर्वांगात, म्हणजे खालच्या अर्ध्यात रमतो, तर देशकार उत्तरांगात, धैवत आणि तार षड्जाच्या आसपास. भूपात रिषभ मोकळेपणाने येतो, देशकारात तो दुबळा असतो. ही सारी शिकवण आपल्याला सेन्सरच्या भाषेत सांगता येते, कारण शेवटी ती कोणत्या स्वरावर किती थांबायचे आणि कोणता स्वर किती बळाने लावायचा याचीच शिकवण आहे.

म्हणून कोणत्या झाडाला कोणता स्वर, हे कधीही बदलू नये. बदलायच्या त्या तीन गोष्टी : स्वर उमलायला लागणारा वेळ, हात काढल्यावर तो रेंगाळण्याचा वेळ, आणि त्याची पातळी. संध्याकाळी गांधाराच्या झाडावरून हात काढला की स्वर बारा सेकंद रेंगाळू द्यावा, धैवत आठ, रिषभ सहा, आणि तार षड्ज मात्र चारच सेकंद. सकाळी धैवताला बारा सेकंद, तार षड्जाला दहा, गांधाराला सात. रिषभाला जेमतेम दोन सेकंद आणि त्याची पातळीही इतरांच्या निम्मी. पाहुणे कसेही, कोणत्याही क्रमाने हात लावोत, थोड्या वेळाने बागेत जे उरते त्यात सकाळी धैवत आणि संध्याकाळी गांधार आपोआप वर तरंगतो. हे सेकंद माझ्या कानाला पटलेले आहेत. आपल्या घरातल्या जाणत्या कानासमोर ते कमीजास्त करून पाहावेत.

केवळ स्वरांचे वजन बदलल्याने राग पुरता उभा राहत नाही, रागाला चलन, म्हणजे स्वरांची ठरावीक चाल, लागते. त्यासाठी बागेत वीस-पंचवीस सेकंद कोणीही हात लावला नाही, तर प्रोग्रॅमने स्वतः एक छोटी जागा, म्हणजे रागातला लहानसा स्वरसमूह, अगदी हळू दाखवावी, गुरू शिष्याला दाखवतो तशी. संध्याकाळी ‘ग रे सा, मंद्र ध, सा रे ग’, सकाळी ‘ग प ध, सां ध, प’. प्रत्येक स्वर आपापल्या झाडापाशीच वाजावा, म्हणजे पाहुण्याचे लक्ष त्या क्रमाने झाडांवरून फिरते, आणि अनेक जण न सांगता तीच वाट हाताने चालून पाहतात. मंद्र धैवत धैवताच्याच झाडातून यावा. या जागा चार-पाचपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि कोणी पानाला हात लावताच त्या थांबाव्यात.

सकाळ की संध्याकाळ हे घड्याळावरून ठरवणे सोपे आहे, पण मग बागेचा आकाशाशी संबंध उरत नाही. बीएच-१७५० हा उजेड मोजणारा सेन्सर २१ आणि २२ या पिनांना जोडावा आणि अर्धपारदर्शक डबीच्या आत, थेट ऊन लागणार नाही असा, उत्तरेकडे तोंड करून ठेवावा. उजाडताना आणि मावळताना उजेडाचे आकडे सारखेच असतात, त्यामुळे एका क्षणाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. मागच्या अर्ध्या तासाची सरासरी ठेवून ताजा आकडा तिच्या वर आहे की खाली, हे पाहावे. वर असेल तर दिवस चढतो आहे, खाली असेल तर उतरतो आहे. देशकार आणि भूप यांमधला बदल एकदम न करता पंधरा-वीस मिनिटांत मुरवत न्यावा. एखादा ढग आला म्हणून राग बदलू नये, एवढ्यासाठीच ही दीर्घ सरासरी आहे. दुपारी अकरा ते चार बाग बंद ठेवावी. त्या उन्हात झाडांनाही हात लावू नयेत.

स्पर्शाला उत्तर कसे द्यावे

पान टेकताक्षणी पूर्ण स्वर वाजला तर लोक दारावरची घंटा दाबावी तशी पाने दाबत सुटतात. उलट स्वर फारच उशिरा आला, तर तो आपल्यामुळे आला हे कळत नाही आणि माणूस पुढच्या कुंडीकडे जातो. म्हणून उत्तर दोन टप्प्यांत द्यावे. स्पर्शानंतर लगेच, दशांश सेकंदाच्या आत, त्या स्वराचा अगदी पुसट श्वास यावा. हात एक सेकंदभर तेथेच राहिला, तरच खरा स्वर तीनेक सेकंदांत भरत जावा. हळूहळू लोकांचे हात स्थिर होतात आणि बोलणे आपोआप खाली येते. हा बदल घडताना पाहणे हाच ही रचना करण्याचा सर्वांत मोठा आनंद आहे.

चारपेक्षा जास्त झाडे एका वेळी धरली गेली, तर सगळे स्वर मंद व्हावेत आणि तंबोरा पुढे यावा. त्याच्या उलट, एका माणसाने पान धरले आणि दुसऱ्याने त्याचा हात धरला, तर आकडा आणखी थोडा खाली उतरतो. या दुसऱ्या पायरीसाठी वेगळी सीमा ठेवून त्या स्वराला त्याचाच खालच्या सप्तकातला सूर जोडावा. आजी आणि नात यांनी एकत्र धरलेला गांधार एकटीच्या गांधारापेक्षा भरदार लागतो, हे त्यांना सांगावे लागत नाही.

ध्वनी, प्रकाश आणि शेजार

लॅपटॉपच्या दोनच वाहिन्यांत डावीकडे तीन झाडे आणि उजवीकडे तीन असे वाटप पहिल्या वेळेला पुरते. मात्र झाडापाशीच स्वर उमलतो हा अनुभव खरा हवा असेल, तर अधिक वाहिन्यांचे साउंड कार्ड आणि प्रत्येक कुंडीमागे एक छोटा स्पीकर घ्यावा. खर्च करायचाच असेल तर येथे करावा. स्पीकर जमिनीवर ठेवू नये, विटेवर चढवून किंचित वर तोंड करून ठेवावा. तंबोरा मात्र मागच्या भिंतीवर आपटून यावा, म्हणजे तो कोठून येतो आहे हे कळत नाही.

आवाजाची पातळी माणसाच्या बोलण्याच्या खाली असावी. निवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाच्या शंभर मीटरांत नियम अधिक कडक आहेत. ही रचना या मर्यादेच्या आतच चांगली ऐकू येते. तरीही शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगावे आणि पहिल्या तासाला त्यांनाच बोलवावे.

रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या लावू नयेत. किडे येतात, पक्षी बिचकतात आणि लोकांचे डोळे कानांवर मात करतात. जाण्यायेण्याच्या वाटेवर दोन पणत्या पुरेत, झाडांपासून आणि तारांपासून दूर.

तारीख निवडताना कोजागरीचा विचार मनात येईलच, पण बडोद्यात त्याच रात्री शरदपुनमेचा गरबा रंगतो आणि आपला मंद गांधार कोणालाही ऐकू येणार नाही. दिवाळीत फटाके असतात. त्यानंतर येणारी त्रिपुरी पौर्णिमा मला सर्वांत योग्य वाटते : हवा कोरडी, संध्याकाळ लवकर, पाने पावसाळ्यानंतर भरलेली, आणि चंद्र उगवायच्या सुमाराला भूपाची वेळ.

पावसातली आवृत्ती

आषाढ-श्रावणात हीच रचना ओसरीवरून चालवता येते. कुंड्या छपराखाली घ्याव्यात आणि अंगणात स्टीलची एक थाळी पालथी ठेवून तिच्या आतल्या बाजूला २७ मिलिमीटरची पिएझो चकती (थरथरीचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी) चिकटवावी. तिच्यावर सिलिकॉनचा थर द्यावा. पिएझोचा संकेत नाजूक असतो, म्हणून तो गिटारसाठी असलेल्या उच्च प्रतिरोधाच्या इनपुटमध्येच घ्यावा. थेंबांचा आवाज जसाच्या तसा ऐकवण्याऐवजी त्याच्या सरासरी जोरावर तंबोऱ्याची पातळी बांधावी : पाऊस वाढला की तंबोरा मागे सरावा, उघडीप झाली की पुढे यावा. घरातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक विजेच्या वाटेवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करावी, जोडण्या जमिनीपासून उंच ठेवाव्यात, आणि प्रत्येक तार डबीत शिरण्याआधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी वाकणापाशी गळून पडते. गडगडाट सुरू झाला की सर्व काही बंद करून सळीची तार सोडवावी.

आवरताना

कार्यक्रम संपल्यावर खिळे त्याच दिवशी काढावेत, मातीतली भोके बोटाने बुजवावीत आणि कुंड्यांना भरपूर पाणी द्यावे. पानांवर हातांचे तेल आणि धूळ बसलेली असते. ती ओल्या मऊ कापडाने दोन्ही बाजूंनी पुसावी आणि रोपे आठवडाभर सावलीत, कोणाच्या हाताशी न येतील अशी ठेवावीत. सळी उपटून घ्यावी, ती अंगणात विसरली तर पायाला लागते. प्रत्येक झाडाचा पाया, त्याची सीमा, त्या दिवशीची हवा आणि कोणत्या स्वरापाशी लोक अधिक रेंगाळले, हे एका वहीत तारखेसह लिहून वही सर्किटच्या डब्यातच ठेवावी, कारण पुढच्या वेळी सेकंदांचे आकडे ठरवायला बसाल तेव्हा सर्वांत आधी तीच लागेल.